काढता येणारी काच

फिल्टर लावताना कुणाचं काही अडत नाही, अडतं ते काढताना. लेन्सच्या तोंडाशी पाऊण मिलिमीटर अंतराचे बारीक आटे असतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमची रिंग फिरवत बसवायची असते. घरात पंख्याखाली, चहाचा कप बाजूला ठेवून हे काम सुरेख होतं. पण जुलै महिन्यात मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढताना, बोटं पावसानं पांढरी पडून सुरकुतलेली असताना, ते नकोसं होतं. एक आटा तिरका चढला की रिंग रुतून बसते. मग रबरबँड गुंडाळून बघा, रुमालानं पकडून बघा, नाहीतर चपलेचा रबरी तळवा फिल्टरवर सपाट दाबून फिरवा. हा शेवटचा उपाय दिसायला गावठी असला तरी सगळ्यांत गुणकारी आहे. बोटांनी दोन बाजूंनी आवळलं की पातळ रिंग किंचित लंबगोल होते आणि आणखीच अडकते. चपलेचा दाब सगळीकडे सारखा पडतो.

या त्रासाचा परिणाम असा होतो की एकदा चढवलेला फिल्टर माणूस उतरवतच नाही. सकाळी निळ्या आकाशासाठी लावलेली काच दुपारी जंगलात, सावलीतल्या झोपडीत, संध्याकाळी चुलीपुढेही तशीच राहते. गरज संपलेली असते, पण काढण्याचा कंटाळा असतो. पुढे पुढे तर ती काच आहे हेही विसरायला होतं आणि जे दिसतं तेच तिथं आहे असं वाटू लागतं. माझ्या ओळखीच्या बऱ्याच हौशी फोटोग्राफरांच्या लेन्सवर वर्षानुवर्षं एकच काच चढलेली आहे. ती कसली, असं विचारलं तर लेन्स तिरकी करून कडेची अक्षरं वाचावी लागतात.

अलीकडे निघालेल्या मॅग्नेटिक फिल्टरनं यातली नेमकी ही एक गोष्ट बदलली. आट्यांची एक पातळ रिंग लेन्सवर बसवून ठेवायची. फिल्टरच्या कडेत निओडिमियमचे चिमुकले चुंबक असतात. काच जवळ नेली की टक्क आवाज करून ती आपली आपण जागेवर बसते, आणि नखानं कड उचलली की निघून हातात येते. धुक्यात, अंधारात, एका हातात छत्री असतानाही. कासे, फ्रीवेल, नीसी अशा कंपन्यांचे संच आपल्याकडे मिळतात, आणि चांगला संच घ्यायचा तर खिशाला बरीच चाट बसते. एवढ्याशा तुकड्यात एवढी ओढ असलेला चुंबक १९८०च्या दशकाआधी जगात नव्हताच. जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेचे जॉन क्रोट या दोघांनी तो स्वतंत्रपणे, साधारण एकाच सुमाराला तयार केला. आज तो मोबाईलच्या स्पीकरपासून पवनचक्कीपर्यंत सगळीकडे आहे. लेन्सवरची जागा त्याला जरा उशिरा मिळाली, एवढंच.

लोकांच्या शंका ठरलेल्या असतात. चुंबकानं मेमरी कार्डावरचे फोटो पुसले जातील का? नाही, कारण कार्डात माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते, तिथं चुंबकाचं काही चालत नाही. फोनमधलं होकायंत्र मात्र फिल्टरचा डबा शेजारी असला की भलतीकडे उत्तर दाखवतं. रानात फिरणाऱ्यानं दोन्ही वेगवेगळ्या खिशांत ठेवावीत. फिल्टर पडतो का? करवंदीच्या जाळीतून घुसताना फांदीचा फटका बसला तर पडतो, आणि आट्यांचा असता तर पडला नसता. एकावर एक दोन-तीन काचा चढवल्या आणि लेन्स वाइड असली, तर फोटोचे कोपरे काळे होतात. तेव्हा ही वस्तू सर्वगुणसंपन्न नाही. तिचा मोठा गुण एकच, की ती सहज निघते.

नाणेघाटात हा गुण कळतो. पश्चिमेचा वारा मुरबाडच्या सपाटीवरून येतो, कड्याला धडकतो आणि सरळ वर उसळतो. माथ्यावरून खाली पडू पाहणारं पाणी तो परत वर भिरकावतो. हा उलटा धबधबा बघायला पावसाळ्यात शनिवार-रविवारी एवढी गर्दी होते की कड्यापेक्षा छत्र्याच जास्त दिसाव्यात. गंमत म्हणजे त्या छत्र्यांचाही उपयोग नसतो, कारण पाऊस खालून येतो. लेन्सही खालूनच भिजते. एक फोटो काढावा तर दुसऱ्याच्या वेळी काचेवर थेंबांची रांगोळी उमटलेली. इथं भिजलेली काच उचलायची, खिशात सरकवायची, कोरडी काच लावायची. टक्क. आट्यांच्या जमान्यात हे करायला कुणी धजावत नसे. फडक्यानं पुसत बसायचं आणि पाण्याचा ओघळ फोटोत आला तर त्याला वातावरणनिर्मिती म्हणायचं.

याच जागी पोलरायझर, ज्याला फोटोवाले सीपीएल म्हणतात, तो लावून बघावा. ओल्या पानांवर आणि भिजलेल्या काळ्या कातळावर आकाशाची पांढरी चकाकी असते. सीपीएल फिरवला की ती चकाकी निघून जाते आणि पानांचा आतला हिरवा रंग उघडा पडतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. दीड-दोन स्टॉप प्रकाश तो खातो, आणि धुक्यात प्रकाश आधीच कमी असतो. शिवाय ढग फाटून ऊन आलं आणि दरीत इंद्रधनुष्य उमटलं, तर सीपीएल एका विशिष्ट कोनात फिरवताच ते इंद्रधनुष्य चक्क नाहीसं होतं. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे पोलराइज्ड, असतो, म्हणून. शेजारची पोरं "बघ बघ" म्हणून ओरडताहेत आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर रिकामी दरी! अशा वेळी नखानं काच काढायची आणि परत बघायचं. ही परत बघण्याची सवय लागली तर फिल्टरचे पैसे वसूल झाले असं मी धरतो.

घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात मात्र डबा बंदच ठेवावा. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तिथल्या भिंतींवर आहे. यज्ञांची, दान दिलेल्या गायींची, हत्तींची, नाण्यांची मोजदाद त्यात आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आज वर कोरलेली नावं उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. झिजलेली अक्षरं टिपायला जगातला कुठलाही फिल्टर कामाचा नाही. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकला की अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि मगच ती दिसतात. समोरून झगझगीत फ्लॅश मारणारे खूप येतात आणि गुळगुळीत दगडाचा फोटो घेऊन जातात.

मॅग्नेटिक फिल्टरची एक खोड त्याच्या माहितीपत्रकात मी कुठं वाचलेली नाही. ती काळू नदीच्या पात्रात समजली. उन्हाळ्यात नदी आटली की वाळू उघडी पडते. फिल्टर थोडा वेळ वाळूवर टेकवून ठेवला आणि उचलला, तर त्याच्या कडेला काळीभोर मिशी फुटलेली होती. ते कण झटकून जात नाहीत, फुंकून जात नाहीत. चिकटपट्टी दाबून ओढावी तेव्हा निघतात. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक काढून मातीत फिरवलेला आहे आणि कागदावर तो काळा कीस नाचवलेला आहे. तोच हा कीस. सह्याद्रीच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज बारीक कणांच्या रूपानं पसरलेलं असतं. दगड झिजतो, त्याची माती-वाळू होते आणि हे जड कण नदीच्या वळणांवर साचतात. काचेच्या कडेला चिकटलेला असा एखादा कण काचेवर घासला गेला तर ओरखडा कायमचा. म्हणून वाळूवर काही ठेवू नये, एवढा साधा सल्ला.

पण सल्ल्यापाशी थांबवत नाही, कारण त्या कणांची गोष्ट फार मोठी आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरांवर थर रचत बाहेर आला. तो निवत असताना, तापमान ५८० अंशांच्या खाली उतरलं की मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत जखडले जातात आणि पुढे तसेच राहतात. १९५०च्या दशकात दख्खनच्या या दगडांचे नमुने लंडनमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटातल्या संशोधकांनी तपासले. दगडात जखडलेली दिशा सांगत होती की लाव्हा थंड झाला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. खंड सरकतात हे मानायला जग तेव्हा फारसं तयार नव्हतं. दख्खनच्या बऱ्याच थरांत तर चुंबकाची दिशा आजच्या उलट आहे, कारण त्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. माहुलीचे सुळके, गोरखगड, सिद्धगड, माळशेजचे कडे, हा सगळा दगड त्याच घराण्यातला. चार दशकांपूर्वी शोधलेल्या चुंबकाला त्या डोंगराची चिमूटभर धूळ चिकटते तेव्हा चिकटपट्टी शोधताना का होईना, माणूस जरा थबकतो.

आता आवणीच्या दिवसांकडे येतो. शहापूरच्या डोळखांब, किन्हवली बाजूला किंवा मुरबाडच्या धसई-टोकावडे पट्ट्यात आषाढात भाताची आवणी चालू असते. चिखल केलेल्या खाचरांत पाणी तुंबवलेलं, त्यात आकाश उतरलेलं, बायका वाकून ओळीनं रोपं खोचत मागे मागे सरकताहेत. पूर्वी पाठीवर इरलं असायचं, आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद असतो. फोटोवाल्यांना इरलं हवं असतं आणि बायकांना कोरडी पाठ, त्यामुळे इरल्याविषयीची आपली हळहळ आपल्यापाशी ठेवावी हे बरं.

खाचराच्या बांधावर सीपीएलचा खेळ सर्वांत स्वच्छ दिसतो. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश उभ्या रेषेशी सुमारे ५३ अंशांच्या कोनात सर्वाधिक ध्रुवित असतो. म्हणजे बांधावर उभं राहून, पायांपाशी नाही आणि लांब क्षितिजाकडेही नाही, मधल्या अंतरावर पाहायचं. तिथं काच फिरवली की पाण्यावरचं आकाश पुसलं जातं आणि खालचा चिखल, रोपांचे बुंधे, एखादी पळणारी खेकडी दिसू लागते. आणखी थोडी फिरवली की चिखल गेला आणि पुन्हा ढग. १८०८ साली एतिएन मालूस या फ्रेंच माणसानं पॅरिसमधल्या आपल्या घरातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर मावळतीचं ऊन पडलेलं पाहिलं. त्याच्या हातात कॅल्साइटचा स्फटिक होता. स्फटिक फिरवताना त्यातून दिसणाऱ्या सूर्याच्या दोन प्रतिमांपैकी आधी एक मंदावली, मग दुसरी. परावर्तनानं प्रकाश ध्रुवित होतो हे तिथून कळलं. कॅल्साइट आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडांतल्या पोकळ्यांतही सापडतो, विहीर खणताना निघालेले त्याचे स्फटिक गावाकडे कुणाच्या तरी कोनाड्यात शोभेला ठेवलेले असतात. पुढे एडविन लँड यांनी १९२९ साली ध्रुवीकरण करणारा पातळ पापुद्रा बनवला, आणि स्फटिकाचं काम चकतीनं होऊ लागलं.

तर अशाच एका बांधावर मी काच लावत-काढत होतो. आकाश असलेला फोटो चांगला की तळ दिसणारा, हे ठरत नव्हतं. औताचे बैल सोडून तंबाखू मळत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं,

"काय दादा, सारखं काय काढताय-लावताय?"

मी चकती त्याच्या हातात दिली. आट्यांचा फिल्टर असता तर दिली नसती, हेही खरं. डोळ्यापुढे धरून फिरवा म्हटलं. त्यानं फिरवली, खाचराकडे पाहिलं, परत फिरवली.

"आयला, तळ दिसतो की! ह्यातून मासं दिसतील का?"

"दिसतील काका. गळ टाकणारे असलेच चष्मे घालतात."

"वलगणीला चालंल मग."

वलगण म्हणजे पहिल्या जोरदार पावसात नदीतले मासे अंडी घालायला ओहोळांतून, नाल्यांतून उलटे चढत खाचरांपर्यंत येतात तो सोहळा. रात्री बॅटऱ्या, जाळी, काठ्या घेऊन सगळा गाव पाण्यात उतरतो. आम्ही त्यावर बोलत राहिलो आणि मग त्यालाच शंका आली.

"पण तवा पाणी लालभडक असतंय. गढुळात दिसंल?"

"नाही. गढूळ पाण्यात नाही दिसणार."

"मग काय उपेग!" म्हणून त्यानं चकती परत केली आणि तंबाखूची चिमूट दाढेत सारली.

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. पोलरायझर फक्त पृष्ठभागावरची चकाकी काढतो. पाण्यातच माती मिसळलेली असेल तर त्याला काही करता येत नाही. न दिसण्याची ही दोन कारणं वेगळी आहेत आणि फोटोवाले ती नेहमी एकत्र करतात. चैत्रात शेतकरी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून रोपवाटिकेची जमीन जाळतात. तेव्हा शहापूरच्या रानावर धुराचा पडदा असतो आणि माहुली जेमतेम ओळखू येते. सीपीएलनं धूर कापला जाईल अशा आशेनं मंडळी काच फिरवत राहतात. किंचित फरक पडतो, पण धूर धूरच राहतो. तिथं दुसऱ्या दिवशी पहाटे परत येणं हाच उपाय.

लग्नसराईत या काचांचा वेगळाच उपयोग दिसतो. या भागात हळदीची रात्र लग्नापेक्षा जोरात असते. तरुण कॅमेरेवाले लेन्सवर मिस्ट फिल्टर चढवतात. त्यानं दिव्यांभोवती मऊ वलय येतं, कातडी गुळगुळीत दिसते, नवरी सिनेमातली वाटते. तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही, नवरीला तेच हवं असतं. पण तीच काच घेऊन त्यांतला एखादा वारल्यांच्या लग्नात चौकाच्या चित्रापुढे उभा राहिला की पंचाईत होते. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा; त्यांचं सगळं सौंदर्य त्यांच्या काटेकोर कडांत असतं. मिस्टमधून त्या कडा फुगतात, पसरतात. लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही अशाच विरघळतात. हुशार पोरगा टक्क करून काच काढतो, फोटो घेतो, परत लावतो. अशी हुशार पोरं आता तालुक्याच्या गावी बरीच आहेत, आणि त्यांनी हे कुठल्या शाळेत शिकलेलं नाही.

एनडी फिल्टरवर जरा थांबायला हवं, कारण मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांचे जे फोटो जगभर फिरतात त्यांत एनडीचे पुष्कळ आहेत. एनडी म्हणजे नुसती काळी काच. प्रकाश कमी करते, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. ढगाळ दुपारी फोटोला एक पंधरांश सेकंद लागत असेल तर ६४च्या एनडीनं सव्वाचार सेकंद लागतात आणि १०००च्या एनडीनं एका मिनिटाच्या वर. तेवढ्या वेळात पडणारं पाणी दुधासारखं सलग होतं. कसाऱ्याजवळचा विहीगावचा धबधबा, ज्याला २००१च्या 'अशोका' चित्रपटापासून अशोका धबधबा म्हणू लागले, तो अशा दुधाळ फोटोंत इतक्या वेळा दिसतो की प्रत्यक्ष गेल्यावर त्याचा आवाज ऐकून दचकायला होतं. फोटोतलं पाणी आवाज करील असं वाटतच नाही.

मिनिटभराच्या एक्स्पोजरचा आणखी एक प्रताप आहे. चौकटीत जे हलतं ते उमटत नाही. माळशेजला रस्त्याकडेच्या धबधब्याखाली शंभर माणसं नाचत असली तरी ती सगळी पुसली जातात आणि फोटोत निर्मनुष्य अरण्य येतं. मात्र चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या आणि सुटलेली एक चप्पल हलत नाहीत. ती ठसठशीत येतात. माणसं गायब आणि त्यांचा कचरा हजर! मग ती पाकिटं घरी बसून संगणकावर काढली जातात आणि खाली 'अस्पर्शित सह्याद्री' लिहिलं जातं. पावसाळ्यात या धबधब्यांवर अनेकदा प्रशासनाची बंदी येते, कारण दरवर्षी कुणी ना कुणी वाहून जातं. दुधासारख्या मऊ फोटोंतून त्या पाण्याचा जोर कळत नाही, ही गोष्ट मला मामुली वाटत नाही. मी तरी एनडीचा प्रत्येक फोटो काढला की काच काढून तीच चौकट १/५०० सेकंदाला घेतो. त्यात पाणी फुटलेल्या काचेसारखं दिसतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की पाहणारा आधी गप्प होतो, मग विचारतो, "हीच जागा?"

एक काच मात्र कुठल्याच चुंबकानं निघत नाही, ती म्हणजे महिन्याची. फोटोवाले इथं जूनच्या अखेरीस येऊ लागतात आणि सप्टेंबरच्या शेवटी, सोनकी आणि तेरडा सुकला की दिसेनासे होतात. फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा थोडे येतात. एप्रिल-मेमध्ये जवळजवळ कुणीच नाही. तानसा धरण १८९२ साली याच शहापूर तालुक्यात झालं ते मुंबईला पाणी देण्यासाठी. आज मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे, आणि भातसाही शहापूरचंच. त्याच तालुक्यातल्या कितीतरी गाव-पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. टँकर येण्याआधी ड्रम, हंडे, कळश्या यांची रांग लागते, रिकाम्या भांड्यांवर ऊन चमकतं. मी तिथं सीपीएल लावून पाहिला. स्टीलच्या हंड्यावरची चकाकी त्यानं जात नाही. धातूवरून परावर्तित झालेला प्रकाश पाण्यावरच्या प्रकाशासारखा ध्रुवित नसतो. निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमावरची मात्र जाते. काच काढून टाकली. उन्हातच फोटो घेतले, पांढऱ्या आकाशासकट. एनडीचा डबा त्या दिवसांत बरोबर नेण्यात अर्थच नसतो. वाहतं पाणी लागतं त्याला.

मागे दिनदर्शिका छापणाऱ्या एका गृहस्थांनी ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचे बारा फोटो मागितले. मी बारा महिन्यांचे बारा दिले. जानेवारीला म्हशाच्या यात्रेतला बैलांचा बाजार, मार्चला पळस, एप्रिलला राब, मेला हंड्यांची रांग, जुलैला आवणी. त्यांनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले, बराच वेळ पाहिले, आणि मेचा फोटो उचलून मला परत दिला.

"इथं एखादा धबधबा द्या ना."

"मे महिन्यात धबधबा कुठला?"

"ते लोकांना माहीत आहे हो," ते म्हणाले, "पण भिंतीवर महिनाभर टांगायचा आहे. मेमध्ये जरा गार वाटलं पाहिजे."